धुरातला पेट्रोलचा वास

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी बडोद्याला आली, तेव्हा दिवाळी जवळ आली होती आणि तिचा सातवा महिना संपत होता. आमचे घर शहराच्या समा भागात, दवाखाना रावपुऱ्यात. वडिलांनी तिला स्टेशनवरून गाडीने आणले. सोसायटीच्या फाटकाशी तिला उलटी झाली. धुराला पेट्रोलचा वास येतो, असे ती म्हणाली. वडील म्हणाले, या दिवसांत बायकांना कशाचाही वास येतो.

तपासणीला जाताना ती अर्ध्या रस्त्यात उतरली आणि आईबरोबर रिक्षाने पुढे गेली. वडील रिक्षामागे गाडी चालवत दवाखान्यापर्यंत गेले, बाहेर थांबले आणि तसेच रिक्षाच्या मागून परत आले. संध्याकाळी बहिणीने सांगून टाकले की ती या गाडीत पुन्हा बसणार नाही.

"कळा सुरू झाल्या तरी?" वडिलांनी विचारले.

"तरी. बाबा, तुमची गाडी म्हणजे चालता पेट्रोलपंप आहे."

तिच्या जन्माच्या वेळी आईला शेजाऱ्यांच्या ओळखीने मिळालेल्या टांग्यातून न्यावे लागले होते. वडील तेव्हा कारखान्यात पाळीवर होते. मुलीला दवाखान्यात आपण स्वतः न्यायचे, हे त्यांनी तिचे लग्न ठरले तेव्हाच बोलून दाखवले होते. जुनी का होईना, गाडी त्यानंतर घेतली.

वास त्यांना खरोखरच येत नव्हता. नंदेसरीत रसायनांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षे काढल्यावर त्यांचे नाक काम देईनासे झाले होते. दूध करपले तर ते धूर दिसल्यावर उठत. घरात हे सगळ्यांना माहीत होते. त्यांच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे.

मी गाडी सुरू ठेवून मागे उभा राहिलो. डोळे चुरचुरले. गाडी बंद करून सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवले, तर त्याला तेलकट काजळी लागली. ते बोट वडिलांना दाखवले.

"तूही तिच्याच बाजूचा," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीचे गॅरेज रावपुऱ्याच्या एका गल्लीत होते. तो गुजरातीत बोले, वडील मराठीत उत्तर देत. वडिलांच्या स्कूटरपासूनच्या त्यांच्या ओळखीला बरीच वर्षे झाली होती आणि दोघांनीही भाषा बदलली नव्हती. त्याने प्लग काढले. ते काजळीने काळे झाले होते. घासून बसवले. दोन दिवस वास कमी वाटला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच. दुसऱ्या खेपेला त्याने कार्बुरेटर उतरवून टेबलावर उघडला, धुतला, आतली सुई बदलली. टेबलावर सगळ्या झडपा मोकळ्या उघडत होत्या. वास गेला नाही.

तिसऱ्या खेपेला मी म्हटले, काहीही उतरवू नका, इंजिन चालू असतानाच बघा. त्याने एअर फिल्टरचे झाकण काढले. इंजिन तापलेले होते, तरी कार्बुरेटरच्या तोंडावरची झडप अर्धी मिटलेली होती. त्याने ती बोटाने उघडून धरली आणि इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. बोट काढल्यावर पुन्हा भकभक सुरू. ही झडप चोकची. थंड इंजिन सुरू करताना डॅशबोर्डवरची मूठ ओढली की ती मिटते, हवा कमी जाते. इंजिन तापल्यावर मूठ आत ढकलायची. ती बाहेर राहिली तर जास्तीचे पेट्रोल न जळता धुराबरोबर मागून निघते.

"काका, चोक अंदर करो ने," मिस्त्री म्हणाला.

"आतच आहे."

मिस्त्रीने दारातून वाकून पाहिले. "आने अंदर कहेवाय?"

याला आत म्हणता येत नव्हते. मूठ आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये दांडीवर लाल-पिवळा धागा गच्च गुंडाळलेला होता. त्याच्यामुळे मूठ बोटभर बाहेरच थांबत होती.

आमचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते. दसऱ्याला तलवारीच्या मुठीला नाडाछडी, म्हणजे हा लाल-पिवळा धागा, बांधायची आणि ती आपोआप गळून पडेपर्यंत काढायची नाही, कापायची तर नाहीच, असा घरचा रिवाज. तलवार वाटणीत थोरल्या काकांकडे गेली. वडील मग गाडीच्या चोकला धागा बांधू लागले, कारण सकाळी हात पहिल्यांदा या मुठीवर पडतो. दरवर्षी दोन वेढे असत आणि महिन्याभरात झिजून जात. त्या दसऱ्याला धागा आईने बांधला होता. एकवीस वेढे, मुलीची सुखरूप सुटका व्हावी म्हणून.

मिस्त्रीने धागा कापायला पत्ती काढली. वडिलांनी त्याचे मनगट धरले.

"कापायचा नाही. तो पोरीच्या बाळंतपणाचा आहे."

"काका, तिच्याच बाळंतपणाचा आणि तिलाच उलट्या?" या वेळी मिस्त्री मराठीत बोलला.

वडिलांनी हात सोडला नाही. मग मिस्त्रीने पत्ती खिशात ठेवली, मुठीच्या मागचा बारीक स्क्रू सैल केला आणि मूठ फिरवून काढली. एकवीस वेढे न सुटता दांडीवरून सरकून त्याच्या तळहातावर आले. मूठ परत बसवून त्याने ती ढकलली, तेव्हा ती पूर्ण आत गेली. धाग्याचे वेटोळे वडिलांनी रुमालात गुंडाळून आईला दिले. तिने ते देवापाशी ठेवले.

प्लग पुन्हा साफ करावे लागले. त्यानंतर वडील रोज सकाळी इंजिन तापवत आणि बहिणीला मागे उभे करत.

"येतोय?"

"थोडा."

सहाव्या दिवशी ती "नाही" म्हणाली. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आईला बोलावले, मग मला, मग शेजारच्या काकूंना. चौघांनीही नाही म्हटल्यावर त्यांनी इंजिन बंद केले.

नववा महिना भरला आणि एका सकाळी साडेआठला कळा सुरू झाल्या. बहीण स्वतःच चालत जाऊन गाडीत मागे बसली. वडील समाहून निघाले ते सायकलवालेही पुढे जातील अशा वेगाने. खड्डा दिसला की थांबत, मग पहिल्या गिअरमध्ये पार करत. वाटेत ती एकदाच बोलली.

"बाबा, वास येत नाहीये. आता जरा पळवा."