ऐतवारापुरती शपथ

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. वडूजजवळच्या आमच्या गावी एका रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी दारू सोडली... कितव्यांदा, ते विचारू नका.

हे ट्रक चालवायचे. सांगलीच्या मार्केटला शेंगा पोचवायच्या आणि येताना हातभट्टीवर थांबायचं. आईच्या गळ्याची शपथ घेऊन झाली, माझ्या गळ्याची झाली... आम्हा दोघींचे गळे शाबूत राहिले, हेच नशीब. लग्न नवीन होतं आणि मी रहिमतपूरला माहेरी कायमची निघायच्या बेतात होते.

शेवटचा उपाय म्हणून सासूबाई ह्यांना गावच्या खंडोबाच्या देवळात घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. हातावर बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ घ्यायची, आमच्याकडे याला बेलभंडार उचलणं म्हणतात. ही शपथ मोडणाऱ्याचं वाटोळं होतं, असं अख्खं गाव मानायचं.

सासूबाईंना जन्मभराची शपथ हवी होती. पण म्हातारे गुरवतात्या म्हणाले, "जल्माची शपत लय जड हुती, वैनी. फुडल्या ऐतवारापातूर उचलू द्या. ऐतवारी यिऊन परत उचलंल."

सासूबाई घरी येईपर्यंत धुसफुसत होत्या. शपथ म्हणजे काय आठवडी बाजार आहे का, असं त्यांचं म्हणणं. पण हे जायला लागले. दर रविवारी अंघोळ करून देवळात, शपथ, मग तात्यांच्या हाताखाली झाडलोट आणि तिथेच पारावर गप्पा. मी माहेरचा विषय काढेनाशी झाले.

दिवाळीच्या तोंडावर सांगलीत घोटाळा झाला. कुणीतरी आग्रह केला आणि हे प्यायले. घरी आले ते पांढरेफटक पडून. जेवेनात, झोपेनात... गोठ्यात जाऊन बसले आणि एकच घोकत राहिले, देव आता मला सोडत न्हाई.

रविवार उजाडला तरी हे जागचे हलेनात. घरामागची विहीर डोळ्यांसमोर येऊन मी हादरून गेले, खरं सांगते. दारूची भीती परवडली, पण ही देवाची नको, असं झालं.

शेवटी मीच पदर सावरून देवळात गेले आणि तात्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता बोकड मागतील, नाहीतर दंड तरी सांगतील. तात्यांनी मात्र वाटीत भंडारा घेतला, बेलाचं पान घेतलं आणि माझ्याबरोबर थेट गोठ्यात आले.

शेणामुताची पर्वा न करता ह्यांच्यासमोर फतकल मारून बसले. "मोडली म्हून द्येव रुसत न्हाई रं गड्या. तू आला न्हाईस, म्हून वाट बघत बसलाय. हात फुडं कर."

हे ढसाढसा रडले. मग हात पुढे केला... दाराआड उभी असलेली मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडून घेतलं. त्या दुपारी हे पोटभर जेवले आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपले. सासूबाईंनी घरात कुणाला भांडं वाजवू दिलं नाही.

पुढेही एकदोनदा पाय घसरला. रविवार मात्र चुकला नाही.

अजूनही कुणी कुणी विचारतं, काकू, काकांनी दारू कायमची कशी हो सोडली? मी सांगते, कायमची त्यांनी कधी सोडलीच नाही. या रविवारपासून त्या रविवारपर्यंत सोडली... आणि तेवढ्यात माझा सगळा संसार सुखाने झाला.