मानपाड्याचं वेगळं बिऱ्हाड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्यात, खोपटजवळच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचे. कंपनीचा कारखाना डोंबिवलीला मानपाड्यात, गोदाम आंबिवलीला. कुणीही कॉम्प्युटर सुरू केला की ठाण्याच्या सर्व्हरला विचारणा व्हायची: हा माणूस आपला का, पासवर्ड बरोबर का? ठाण्यात उत्तर चुटकीसरशी मिळे. मानपाड्याला ठाण्याशी जोडणारी लाइन मात्र इतकी मंद, की पडद्याकडे बघत बसण्यातच सकाळ जायची. मालाचं चलन निघेना आणि बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे.

शेवटी साहेब वैतागले. "या महिन्यात सुधारलं नाही तर डिस्पॅच ठाण्यालाच आणू," म्हणाले.

ते डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, मानपाड्यात एक काकू एकट्याच सांभाळायच्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूने घरी पडून होते. घर कारखान्याच्या मागेच, म्हणून दुपारी जाऊन त्यांना भरवून येता यायचं. "ठाण्याला नेलं तर नोकरी सोडायला लागेल गं," त्या मला म्हणाल्या. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि साहेबांचा रागही आला.

सर्व्हरच्या नव्या पद्धतीत कचेऱ्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला आपापला सर्व्हर देता येत होता. साहेबांनी स्वतःच कागदावर दोन गोल काढले. एकात ठाणे, दुसऱ्यात आंबिवली आणि मानपाडा. दुसरा सर्व्हर ठेवायचा आंबिवलीला, कारण तिथले गोदामप्रमुख वयाने मोठे, त्यांचा मान राखायला हवा. जणू सर्व्हर म्हणजे लग्नातला आहेर!

"साहेब, आंबिवली आणि मानपाड्यामध्ये थेट लाइनच नाहीये. मानपाड्याचा निरोप आधी ठाण्याला येणार, मग आंबिवलीला जाणार."

"अगं, कल्याणच्या अलीकडे-पलीकडे तर आहेत दोन्ही!"

माझं डोकं फिरलं, पण वाद घालून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी गोडीगुलाबीने त्यांना मानपाड्याला नेलं आणि काकूंच्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, तुमचाच पासवर्ड टाका. त्यांनी टाकला. चहा आला, पिऊन झाला, कपही उचलले गेले. पडदा जैसे थे.

"आणि हे एकाच लाइनवर, साहेब. तुमच्या गोलात अशा दोन लागतील."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "कर बाई, तुला हवं तसं."

मग मी वेगावरून वाटण्या केल्या. आंबिवलीची लाइन बरी होती, म्हणून आंबिवली ठाण्याच्याच गटात राहिली. प्रमुखांचा मान नव्या प्रिंटरवर भागला. मानपाड्याची चूल मात्र वेगळी. ठाण्यातलाच एक जुना सर्व्हर तिथे बसवला, म्हणजे पासवर्डची विचारणा तिथल्या तिथेच होईल. ठाण्यात नावं-पासवर्ड बदलले, तर ते बदल लाइन मोकळी असेल तेव्हा सावकाश तिथे पोचणार होते.

सोमवारी काकूंनी पासवर्ड टाकला आणि पडदा लगेच उघडला. पहिलं चलन त्यांनी स्वतःच बाहेर जाऊन ट्रकवाल्याच्या हातात दिलं. दुपारच्या आत साहेबांचा फोन आला: डिस्पॅच तिथेच राहू दे.

"चल, आज माझ्याकडे जेवायला," काकू म्हणाल्या. "ह्यांना तुला बघायचंय."

यजमान भिंतीला टेकून बसले होते. काकूंनी वरणभाताचा घास कालवून त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी मान हलवली. चांगल्या हाताने तो घास घेतला आणि माझ्या तोंडापाशी आणला.

"आधी पोरीला," ते अडखळत म्हणाले.