कमरेची पट्टी

पहाटे पाचला पक्का उठायचा. चहा उभ्यानेच घ्यायचा आणि उजाडता उजाडता वर्कशॉपचं शटर वर ढकलायचा. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे ही त्याची कामं. काम संपलं की जोडावर हातोडीची एक टपली मारून म्हणायचा, "पक्कं." म्हणून तो पक्का. खरं नाव मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवायचं.

मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घरात दोघंच उरली. बायको दिवसभर शिलाई मशीनवर, घरात चकार शब्द नाही. अशात एका ट्रक ड्रायव्हरनं वर्कशॉपात माकडाचं पिल्लू आणलं. त्याच्या शर्टाच्या आत, छातीला चिकटून बसलेलं.

"आई गाडीखाली गेली हो बिचारीची. घेता का? चहापाण्याचं द्या फक्त."

पक्क्यानं पिल्लू घरी नेलं. बायकोनं नाव ठेवलं ठमी. बाटलीनं दूध पाजलं, जुन्या ब्लाउजच्या कापडाची दुपटी शिवली. ती शिवायला बसली की ठमी तिच्या मानेला लटकलेली. बायको पुन्हा गुणगुणायला लागली, आणि पक्क्याला तेवढंच पुरे होतं.

मग उचापती सुरू झाल्या. शेजारीण एक दिवस दारात उभी.

"ताई, आवरा तुमच्या लेकीला! आमच्या ह्यांना धड एकच बनियन होता, तोही घेऊन गेली."

"दुसरा शिवून देते गं."

"शिवा, पण दोन शिवा. एक तिला, एक ह्यांना."

पक्क्यानं ठमीच्या कमरेला चामड्याचा पट्टा बांधला. तिनं कुरतडला. दुसरा बांधला, त्याचाही भुगा केला. तेव्हा त्यानं काम मनावर घेतलं. लोखंडी पट्टीचे दोन अर्धगोल वाकवले. कडा कानशीनं घासल्या, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासल्या. दोन बोटं आत जातील एवढी जागा सोडली. दोन्ही अर्धगोल ठमीच्या कमरेभोवती रिव्हेट ठोकून जोडले, रिव्हेटची डोकी सपाट केली, साखळीला एक कडी ठेवली. सुट्टीचा अख्खा दिवस त्यात गेला.

"पक्कं," तो म्हणाला.

उभ्या जन्मात त्यानं जे जे मोजलं, ते मोजल्यावर तेवढंच राहिलं होतं. खिडकी वाढत नाही. ठमी अजून वाढायची होती, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

केस दाट, त्यामुळे वरून काही दिसेना. ठमीचं खाणं कमी झालं. उचलायला गेलं की दात दाखवू लागली.

"माजलीय. तूच लाडावून ठेवलीस."

"अहो, तिला काहीतरी होतंय."

"काय व्हायचंय? जनावर ते जनावरच."

एकदा त्यानं छडी उगारली आणि मारलीही. ठमी पळाली नाही. कमरेवर हात धरून बसून राहिली.

एका दुपारी बायकोनं तिला जवळ ओढलं आणि ठमीनं तिचा अंगठा चावून मुळापासून फोडला. बायकोनं हाताला फडकं गुंडाळलं. घाण वास कुठून येतो म्हणून दुसऱ्या हातानं केस बाजूला केले. पक्का घरी आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पट्टी दिसत नाही."

"म्हणजे?"

"आत गेलीय. मांसात."

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "कोणी केलं हे?"

"मी."

"मग काढा तुम्हीच. आहे अवजार?"

कटर शिरायला जागा नव्हती. ग्राइंडर लावला तर लोखंड तापून मांस भाजलं असतं. त्यानं करवतीचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला कापड गुंडाळलं आणि बोटांनी ओढायला लागला. भूल दिलेली ठमी टेबलावर पडली होती. बाई मांस बाजूला धरून पाणी सोडत होत्या. लोखंड चांगल्या प्रतीचं होतं, त्यानंच निवडलेलं. एका कापानं कडं उघडेना. दुसरा काप घ्यावाच लागणार होता. त्याची बोटं बधिर झाली.

"पिल्लू आणलं कुठून?"

"आई गाडीखाली गेली होती म्हणे."

"सगळ्यांच्या आया गाडीखालीच जातात," बाई म्हणाल्या. "अहो, माकडीण जिवंतपणी पिल्लू सोडत नाही. आधी तिला मारतात, मग तिच्या अंगावरून ते सोडवून घेतात."

पातं थांबलं.

"थांबू नका. भूल उतरायच्या आत झालं पाहिजे."

ठमी जगली. बायकोनं विचारलं, "घरी कधी न्यायची?"

"न्यायची नाही," बाई म्हणाल्या. "आज अंगठा गेला. उद्या डोळा जाईल. आणि तिचं तरी तुमच्याकडे काय भलं झालं?"

तिला शहराबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात धाडलं. तिथं माकडांच्या कळपात सोडलं, पण तिला त्यांची रीत ठाऊक नव्हती. कुणापुढे मान खाली घालायची, कुणाच्या वाटेतून हटायचं, काहीच नाही. ती माणसांच्या दाराशी जाऊन बसायची आणि कळप तिला येऊन फोडून काढायचा. शेवटी निरोप आला: वेगळा पिंजरा लागेल आणि आमच्याकडे पैसे नाहीत.

"तुम्हीच करा ना," बायको म्हणाली. अंगठा वाकत नसल्यामुळे ती डाव्या हातानं सुई ओवत होती. "मजुरी तरी वाचेल."

"मी नाही."

स्वतःचं वर्कशॉप टाकायचं म्हणून वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करून साठवलेली मजुरी त्यानं काढली आणि काम दुसऱ्या वेल्डरला दिलं. त्या मजुरीतून एक पिंजरा उभा राहिला, एकाच माकडापुरता.