माक्सुन आजींचं मुळ्याचं पाणी

आमच्या चुनचन शहरातल्या टेकडीवर हिवाळ्यात कुणाला कोळशाचा वायू लागला, की लोक वाडगा घेऊन माक्सुन आजींच्या दारी पळत. आजी रांजणातला बर्फ फोडून मुरवलेल्या मुळ्याचं आंबट पाणी काढून देत. रोगी मोकळ्या हवेत आणलेला असे, हवेनेच शुद्धीवर येई, आणि श्रेय मात्र रांजणाला मिळे. मी इस्पितळात आया होते. हे ठाऊक असूनही गप्प बसायची. आजींच्या तोंडी कोण लागणार!

त्या जानेवारीत एका सकाळी त्यांची सून योनहुई उठेना. खोली ऊबदार ठेवायला जमिनीखाली जळणाऱ्या कोळशाच्या वड्यांचा वायू फटीतून खोलीत भरला होता. मी पोचले तेव्हा तिला ओसरीवर आणून निजवलं होतं आणि आजी वाडगा घेऊन उशाशी बसल्या होत्या.

"काही झालेलं नाही तिला. गाल बघ, नवरीसारखे लाल!"

"तेच तर वाईट आहे," मी त्यांचं मनगट धरलं. "रक्तात ऑक्सिजनची जी जागा, तिथे हा वायू ठाण मांडून बसतो. हलता हलत नाही. रक्त दिसतं लालभडक, पण अंगाला ऑक्सिजन पोचतच नाही. आणि बेशुद्ध माणसाला पाणी पाजलंत तर फुप्फुसात जाईल."

"तीस वर्षं पाजतेय मी! तू कालची पोर मला शिकवणार?"

"ही मेली तर कुणाला पाजाल?"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. सगळी गल्ली बघत होती. आजींनी सुनेकडे पाहिलं, वाडगा खाली ठेवला आणि पाठ वाकवली.

"घाल माझ्या पाठीवर."

मुलगा सौदीला कामावर. चौसष्टाव्या वर्षी ती बाई सुनेला घेऊन बर्फाळ पायऱ्या उतरली, मी मागून आधार देत.

इस्पितळात योनहुईला लोखंडी टाकीत निजवून दाबाने ऑक्सिजन सोडला. "त्या वायूला हुसकायला ऑक्सिजनची गर्दीच करावी लागते," डॉक्टर म्हणाले. आजी दोन तास टाकीच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. सुनेचे गाल फिके पडायला लागले तशा त्या घाबरल्या.

"पडू द्या फिके," मी म्हटलं. "सुटतोय तो."

दुपारी योनहुईने डोळे उघडले. "आई, घसा सुकलाय. मुळ्याचं पाणी आणलंत?"

उभ्या गल्लीला पाजणाऱ्या आजींचा चेहरा उतरला. "नाही गं आणलं," त्या म्हणाल्या, आणि मुलगा परदेशी गेला तेव्हाही न रडलेली ती बाई तिथेच ढसाढसा रडली.