उफराटी

फोटोच्या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात ती गोष्ट कॅमेऱ्याची नसते, निगेटिव्हची असते. निगेटिव्हला दोन अंगं, एक चकचकीत आणि एक मळकं. कागदावर फोटो छापताना मळकं अंग खाली, चकचकीत वर. एवढं विसरलं की डावं उजवीकडे जातं. भांग फिरतो, घड्याळ दुसऱ्या मनगटावर चढतं, मागच्या दुकानाची पाटी कुणाच्या बापाला वाचता येत नाही. वडिलांनी तिला हे शिकवलं तेव्हा स्टुलावर उभी राहिल्याशिवाय तिचा हात ट्रेपर्यंत पोहोचत नसे.

कोर्टासमोरच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ. पुढे काउंटर आणि काचेची शोकेस, मध्ये पडद्याची खोली, मागे अंधारखोली. पडद्याची खोली वडिलांची, समारंभाची बाहेरची कामं दादाची, अंधारखोली तिची, अशी वाटणी कुणी न बोलता होऊन गेली होती. वडिलांचा कॅमेरा तिपाईवर काळ्या कापडाखाली असे. ते कापड काढायचा अधिकार घरात एकाच माणसाला होता. तिने धूळ झटकायला जरी ते उचललं, तरी वडील नंतर येऊन त्याच्या घड्या पुन्हा आपल्या हाताने करत.

लाल दिव्याखाली तिची वर्षं सरली. गावातली माणसं तिला आधी निगेटिव्हमध्ये भेटत, पांढऱ्या केसांची, काळ्या दातांची, डोळ्यांच्या जागी खडूचे ठिपके घेऊन. मग रस्त्यात कुणी हसून पुढे आलं की ती आधी मनात त्याचे दात काळे करी, तेव्हा कुठे ओळख पटे. कपाळावरच्या आठ्या, झोपमोड झालेले डोळे, नवा सदरा घालून आलेला जुना राग, सगळं तिला कळे. तिला हवा होता तो कॅमेरा. ही गोष्ट तिने कधी लपवली नाही. ती मागत आली आणि वडील म्हणत आले, आधी छपाईत हात बसू दे. तिचा हात बसून त्याला मुंग्या यायची वेळ आली, तरी कापड तिथेच.

अशात सुईणआजीचा फोटो आला. गावातल्या निम्म्या लोकांची तोंडं या म्हातारीने त्यांच्या आयांच्याही आधी पाहिलेली. तिच्या उजव्या भुवईवर लहानपणच्या जखमेची खाच होती. फोटो वडिलांनी काढला, नेहमीसारखा नेटका, नाकाच्या शेंड्यावर मोहरीएवढा उजेड ठेवून. छापताना मात्र मळकं अंग वर राहिलं. तिला त्या दिवशी कणकण होती की मन दुसरीकडे होतं, ते तिलाही सांगता आलं नाही. खाच डाव्या भुवईवर गेली, आणि पाकीट काउंटरवर गेलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हातारीने फोटो हातात घेतला आणि ती तिथेच उभी राहिली. मागचं गिऱ्हाईक खोकलं तरी हलेना. मग म्हणाली, "आजवरच्या फोटोंत माझ्या जागी कुणीतरी माझी बहीण बसवलेली असायची. ही मी आहे." फोटो पदरात गुंडाळून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तोच फोटो नाचवत आला. आमच्या आईची खाच पळवलीत तुम्ही, म्हणाला, आणि असं मोठ्याने म्हणाला की शेजारचे शिंपीकाका तोंडातल्या टाचण्यांसकट दारात आले. वडिलांनी भिंग लावलं. लुगड्याचा पदर भलत्या खांद्यावर होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मुलीला बाहेर बोलावलं.

तिने चूक कबूल केली. मळकं अंग वर राहिलं, माझ्या हातून राहिलं, दुसरा फोटो आत्ता छापून देते, म्हणाली. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण वडील म्हणाले, हा वाईट फोटो फाडून टाक. आणि तिने तो फाडला नाही.

"छापताना मी चुकले, बाबा. पण फोटो चुकलेला नाही. माणूस स्वतःला आरशातच बघतो. जन्मभर बघतो. आजीला तिच्या ओळखीचं तोंड मिळालं, ते मी का फाडू?"

वडिलांनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. ते वेडे नव्हते. ते म्हणाले, स्वतःसाठी आरसा असतोच. फोटो मागे राहणाऱ्यांसाठी असतो. उद्या म्हातारी गेली तर पोरं खाच कुठल्या भुवईवर शोधतील? आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी करायला नको होती. मुलीला काय हवं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "फोटो चुकला, एवढं म्हण. उद्यापासून कॅमेरा तुझा."

दादा मागून डोळ्यांनी खुणावत होता की म्हण बाई आणि मोकळी हो. शिंपीकाकांनी टाचण्या तोंडातून काढल्या. तिने पडद्याच्या खोलीकडे पाहिलं. काळं कापड इथून दिसत होतं.

"नाही म्हणणार," ती म्हणाली.

"उफराटी आहेस," वडील म्हणाले. ते रागाने कमी आणि दमून जास्त म्हणाले, पण शब्द रस्त्यावर गेला तो गेलाच. आठवड्याभरात भाजीवालीसुद्धा तिला उफराटी म्हणून हाक मारू लागली, आणि ती ओ देऊ लागली.

त्यानंतर बापलेकीत कामापुरतं बोलणं राहिलं. वडील तिची प्रत्येक प्रिंट कोटाची बटणं पाहून तपासत, शर्ट कुठल्या अंगाने मिटतो ते बघत, आणि मान हलवून पाकिटात घालत. एकही प्रिंट चुकलेली सापडली नाही. याचा त्यांना आनंद व्हायचा की त्रास, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

शिंपीकाकांची करमणूक मात्र चालू झाली होती. रोज आत डोकावून ते विचारत, माझा एक उफराटा फोटो काढतेस का? आणि तिने मान वर केली की म्हणत, नको बाई, कोटाची बटणं बायकी बाजूला जातील, गिऱ्हाईक म्हणेल म्हाताऱ्याला हात राहिला नाही. एकदा असंच त्यांच्या घरच्या फोटोंचं पाकीट द्यायला ती त्यांच्या दुकानात गेली. मागे कपडे घालून बघायची खोली होती, तिला पडदा, आणि आत भिंतभर उंच आरसा. पडदा अर्धा सरकलेला. एक पोस्टमन नव्या पँटमध्ये आरशासमोर उभा होता. त्याने पोट आत घेतलं, हनुवटी उचलली, बाजूने पाहिलं, दात पाहिले. सगळं करून झालं आणि मग तो नुसता उभा राहिला. त्याच्या तोंडावर एक चेहरा आला, जो त्याने टपाल वाटताना कधी कुणाला दिला नव्हता.

ती पाकीट हातात घेऊन तिथेच थांबली. आरसा स्वतःच उलटं करून देतो. मग निगेटिव्ह कशाला उलटी घालायची?

कॅमेरा दादाने दिला. त्याला नवा मिळाला होता. जुन्याचं कातडं सोललेलं होतं आणि मागचं झाकण रबर लावल्याशिवाय बसत नसे. "बाबांना सांगू नकोस," म्हणाला, आणि संध्याकाळी स्वतःच सांगून आला. शिंपीकाकांनी आरशाची खोली दिली, दुपारी दुकान बंद असतं तेवढा वेळ. आपल्या कोटाचा फोटो कधीही काढायचा नाही, एवढीच त्यांची अट.

पहिला रोल वाया गेला. तिने आरशाच्या काचेवर नेम धरला होता. काचेवरची धूळ, शिंप्याच्या खडूची बोटं, सगळं धारदार आलं आणि माणसं मागे धुक्यात. तेव्हा तिला कळलं की आरशातला माणूस काचेवर नसतो. तो काचेच्या पलीकडे, स्वतः जितका अलीकडे तितकाच आत उभा असतो, आणि नेम तिथे धरायचा असतो. पुढे कॅमेरा स्वतः आरशात दिसायला लागला. तेव्हा ती तिपाई माणसाच्या खांद्यामागे तिरकी लावू लागली. उजेडाला एकच खिडकी. तिचा पडदा बोटभर सरकवण्यात अर्धी दुपार जाई.

हसा असं ती कुणाला म्हणत नसे. इकडे बघा असंही नाही. माणूस आधी ठरलेल्या सगळ्या गोष्टी करी, भांग, कॉलर, दात. त्या संपेपर्यंत ती थांबे. मग तो कंटाळे. मग कंटाळाही संपे. तेव्हा ती बटण दाबी. आवाज झाला की लोक दचकत आणि म्हणत, झालं? मी तर काहीच केलं नव्हतं. ती म्हणे, तेच हवं होतं.

फोटो ती अंधारखोलीतच छापी, मळकं अंग खाली, चकचकीत वर, नियमाला धरून. आता तिच्या छपाईत बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही प्रत्येक फोटोत माणूस स्वतःला दिसतो तसाच होता. वडिलांनी अंधारखोली तिला बंद केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण दोरीवर तिच्या प्रिंट वाळत असल्या की ते मान खाली घालून त्यांच्याखालून जात. वर बघत नसत.

लोक येऊ लागले. नर्स आली, पोस्टमन पुन्हा आला, नेहमी डोळे मिटलेले येतात म्हणून फोटोला घाबरणारी एक सून आली आणि तिचे डोळे उघडे आले. दादा एका दुपारी वडिलांशी भांडून तिथे येऊन बसला, तर तिने त्याचाही काढला. त्या फोटोत तो समारंभातला हसरा दादा नव्हता. एक दमलेला माणूस होता, कुणीतरी विचारावं म्हणून थांबलेला.

दादानेच मग वडिलांकडे विषय काढला. गिऱ्हाईक शोकेसमध्ये उफराटीचे फोटो शोधतं, म्हणाला. शोकेस म्हणजे स्टुडिओचं तोंड. तिथे आजवर वडिलांशिवाय दुसऱ्या कुणी काढलेला फोटो लागला नव्हता, दादाने काढलेलासुद्धा नाही. वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. फक्त प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी हवी, 'आरशातून घेतलेला'. लोकांचा गैरसमज नको.

दादा आनंदाने सांगत आला. ती फोटो कापत होती. तिने कात्री खाली ठेवली आणि बाहेर येऊन वडिलांसमोर उभी राहिली. मागे न दिलेली कबुलीच आता बारीक अक्षरांत मागितली जात होती, हे तिला कळलं होतं आणि तिच्या तोंडावरून वडिलांनाही कळलं.

"लावा चिठ्ठी," ती म्हणाली. "मग तुमच्या फोटोंखालीही लावा, 'दुसऱ्याच्या नजरेतून घेतलेला'. दोघांना लावा नाहीतर कुणालाच नको."

"शोकेस माझी आहे," वडील म्हणाले.

"असू दे. माणसं माझ्याकडे आहेत."

तिने शिंपीकाकांच्या दाराबाहेर, पत्र्याच्या पडवीखाली, एक फळी ठोकली आणि फोटो तिच्यावर लावले. वर स्वतःच्या हाताने रंगवलं, 'उफराटी, फोटोग्राफर'. काच नाही, कुलूप नाही. उन्हाने फोटो पिवळे पडत, धुळीने मळत, एकदा एका बकरीने नर्सचा कोपरा खाल्ला. ती जुने काढी आणि नवे लावी. लोक येता-जाता थांबत आणि तिथे लागलेला माणूस स्वतःच समोर आला तर त्याची थट्टा करत. वडील रोज त्या रस्त्याने जात. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने.

एके दुपारी ते अलीकडे आले.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला. भर रस्त्यात, गाड्यांची ये-जा चालू असताना, ते एकेक फोटो बघत पुढे सरकले आणि दादाच्या फोटोपाशी थांबले. खूप वेळ थांबले. शिंपीकाकांचं मशीन बंद झालं. ती दारात आली, पण पायरी उतरली नाही.

वडील वळले नाहीत. फोटोकडे बघतच म्हणाले, "डाव्या गालावर उजेड जास्त पडलाय."

त्यांनी आजवर तिची छपाई तपासली होती, बटणं, काठ, डाग. उजेडाबद्दल ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. उजेडाबद्दल ते फक्त फोटो काढणाऱ्याशी बोलत, आणि त्यांच्या मते गावात तसं कुणी नव्हतं. हे तिला कळलं.

"डावा कुणाचा, बाबा? दादाचा, की फोटोतला?"

वडिलांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग स्वतःचा हात गालाशी नेला, तो खाली घेतला, दुसरा नेला. आतून शिंपीकाकांना खोकल्याची उबळ आली.

"कुणाचाही असो," वडील म्हणाले. "पडदा चार बोटं ओढ."

"नाही ओढणार. तो उजेड मी ठेवलाय."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. वाद घालायला जोडीदार मिळाल्यावर माणूस जसा पाहतो तसं पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे वळले आणि म्हणाले की मग निदान मागची भिंत तरी काळी कर, गाल तिच्यात बुडतोय. ती म्हणाली, भिंत शिंपीकाकांची आहे, त्यांना विचारा. शिंपीकाका आतून म्हणाले, मला मधे घेऊ नका. आणि आरशासमोर एक बाई केव्हाची तिष्ठत उभी होती, म्हणून ती आत गेली, खिडकीजवळ आली, पडदा होता तिथेच आहे ना ते पाहिलं, आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली.