वहीतलं कोनफळ

“पोरीच्या वहीत कोनफळाचं चित्र हाय की! हॉस्टेलात कंद खाती वाटतं,” कोडोलीहून आलेली आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती.

आमच्या जैन घरात जमिनीखालचं काही शिजत नाही. आईने कपाळाला हात लावला, तेच मला लागलं. मी बाहेर बसून ऐकत होते. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळतं, म्हणून घरात मी फारसं बोलत नाही. पण आता बोलले नसते, तर आईने ते खरंच मानलं असतं.

मी वही घेऊन आत गेले. “आत्या, मी कोनफळ चाखलेलंसुद्धा नाही. मी शब्द शिकते. इंग्रजीत याला ‘यॅम’ म्हणतात. तो शब्द पश्चिम आफ्रिकेतला, खाण्यावरूनच पडलेला. जमैकाच्या बोलीत अजून ‘न्याम’ म्हणजे खाणं.”

आत्याने वही हातात घेतली. “म्हंजे नावातच खाणं, आन् आपल्यात त्येच खायचं न्हाय व्हय?”

आई खळखळून हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

“व्हय आत्या,” मी म्हणाले, “भूक लागलीय, आता जेवायला वाढ की!”