बंपरवरचा पंजा

कारखान्यातल्या धातू घासणाऱ्या बफिंगच्या चाकाने उजवा अंगठा गिळला, तेव्हापासून पेंटरमामा घरीच मागच्या खोलीत गाड्यांचे कळकटलेले बंपर चकाकवत बसायचे. आधी घासायचं, मग आरशासारखा गुळगुळीत काळा रंग, त्यावर क्रोमचा पातळ फवारा. तो वाळेपर्यंत खोलीला कुलूप आणि किल्ली मामांच्या खिशात.

त्या दिवशी कुलूप काढलं, तर चकचकीत बंपरवर अख्खा पंजा उमटलेला.

"कुणी हात लावला?" मामा खेकसले.

मामींनी वाकून पाहिलं. "माझ्यावर कशाला डाफरता? ही वाकडी करंगळी तुमचीच की!"

मामांनी उजवा हात ठशावर धरला. करंगळी तंतोतंत जुळली, बाकीची बोटंही जुळली. उरला तो अंगठ्याचा ठसा. तेवढाच अजून ओला होता.